टॉवेलात टिपलेल्या चकत्या

गल्लीत त्यांना सगळे कडककाका म्हणत, आणि ते स्वभावावरून नव्हे. त्यांच्या लॉन्ड्रीतून आलेली कॉलर मान वळवू देत नसे, म्हणून. स्वभावाने माणूस अगदी मऊ. छंद एकच, बिघडलेली वस्तू दिसली की उघडायची. पंखे, मिक्सर, शेजाऱ्यांचे रेडिओ. त्यातले बरेचसे पुन्हा चालतही. गाडी मात्र त्यांना चालवता येत नसे. तरुणपणी एकदा त्यांनी स्कूटर थेट गटारात घातली होती, तेव्हापासून ते त्या वाटेला गेले नाहीत.

गाडी चालवत त्या काकू. त्यांचा डावा पाय लहानपणापासून अधू, म्हणून क्लच नसलेली, गिअर आपोआप बदलणारी जुनी गाडी घेतलेली. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टेबलक्लॉथ, सगळे त्या स्वतः पोचवून येत. घरात भिंत धरून चालणारी ही बाई स्टिअरिंगमागे बसली की कोणाच्या बापाचे ऐकत नसे. मग एक दिवस उजव्या पायालाही मुंग्या येऊ लागल्या. डॉक्टर म्हणाले, नसांचा आजार आहे, हाही पाय हळूहळू जाईल. वर्षभर साथ दिली तरी खूप. आणि नेमका त्याच सुमारास गाडीचा गिअरबॉक्स बसला.

"भंगारात द्या, काका," गॅरेजवाला म्हणाला. "या मॉडेलला आता कुणी हात लावत नाही."

घरी आल्यावर काकू पलंगावर टेकल्या आणि म्हणाल्या, "अहो, हा पाय आहे तोवर मला गाडी हवी. पुढे काय व्हायचं ते होऊ दे."

काका गॅरेजवाल्याच्या खनपटीलाच बसले. शेवटी वैतागून त्याने गिअरबॉक्स उतरवला आणि लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलावर आणून ठेवला. काका मोबाइलवर तासन्‌तास कुणाकुणाचे व्हिडिओ बघत आणि एकेक भाग सोडवत. गिऱ्हाइकांच्या कपड्यांना लावायचे कापडी टॅग त्यांनी प्रत्येक भागाला बांधले. काकू समोर खुर्चीवर बसून टॅगवर नावे लिहीत.

"हा कुणाचा?"

"मागच्या ड्रमचा."

"स्टार्च घालायचा का?" असे विचारून त्या स्वतःच हसत.

गिअरबॉक्सच्या पोटात डब्यासारखे ड्रम असतात. त्यांत एकाआड एक पोलादी आणि अस्तर लावलेल्या चकत्या बसतात. त्या एकमेकींना घट्ट धरतात तेव्हा चाकांना जोर मिळतो. अस्तराच्या चकत्या तेलात भिजवून ओल्याच बसवायच्या असतात. काकांनी भिजवल्या, चांगल्या परातभर तेलात. पण उभे आयुष्य डाग काढण्यात गेलेला माणूस. तेल ठिबकणारी वस्तू लख्ख पुसलेल्या ड्रममध्ये घालायला त्यांचा हात धजेना. आत मुरले ते तेल कामाचे, वरचे जास्तीचे, असे त्यांनी आपल्या मनानेच ठरवले. मग एकेक चकती टॉवेलाच्या घडीत ठेवली, रेशमी साडी टिपावी तशी दाबून टिपली, आणि कोरडी करून बसवली. एवढी मन लावून केलेली चूक क्वचितच कुणी केली असेल.

गॅरेजवाल्याने गिअरबॉक्स परत चढवून दिला आणि गाडी चालू झाली. काकू स्टिअरिंगवर, काका शेजारी. गल्ली गेली, पेट्रोल पंप गेला, नदीकडचा मोकळा रस्ता लागला. काकूंनी काच खाली केली. कित्येक महिन्यांनी त्या मोठ्याने हसल्या, एका ट्रकवाल्याला हॉर्न देऊन बाजूला व्हायला लावले.

तेवढ्यात काकांना वास आला. करपल्याचा वास ओळखायला त्यांना शिकवावे लागत नव्हते. थांब म्हणायला हवे होते. लगेच थांबले असते तर चकत्यांवरच भागले असते. पण बायकोच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांच्या तोंडून ब्र निघाला नाही. पूल ओलांडल्यावर इंजिन नुसतेच ओरडू लागले आणि गाडी जागेवर बसली.

"वास कधी आला तुम्हाला?" काकूंनी विचारले.

"हा काय, आत्ताच."

"खोटं बोलू नका. मला पुलाच्या अलीकडेच आला होता." त्यांनी स्टिअरिंगवरून हात काढला नव्हता. "म्हटलं, पूल तरी होऊ दे."

या वेळी ड्रमच जळाला होता. तसा दुसरा मिळवताना काकांनी सगळे भंगारवाले पालथे घातले. मिळेपर्यंत काकू भिंतीवरून वॉकरवर आल्या होत्या. नव्या चकत्या काकांनी तेल गळत असतानाच बसवल्या. हात, बाह्या, फरशी, सगळे माखले, आणि काम करता करता ते रडत होते. टॅग लिहायला काकू आल्या नाहीत.

गाडी पुन्हा तयार झाली त्या दिवशी काकूंना काका आणि गॅरेजवाला अशा दोघांनी धरून स्टिअरिंगमागे बसवले. त्यांनी उजवा पाय हातांनी उचलून ब्रेकवर ठेवला. मग वाकून पाहिले. पाय ब्रेकवर आहे की नाही, हे त्यांना डोळ्यांनी पाहावे लागत होते. त्यांनी किल्ली फिरवलीच नाही.

"तुम्ही या इकडे," त्या म्हणाल्या. "मी शिकवते."

"या वयात? अगं, माझं गटार विसरलीस का?"

"या म्हणते ना."

काका बसले. पाचावर धारण बसलेली. "डावा पाय कुठे ठेवू?"

"कुठेही. त्याला काही काम नसतं."

गाडी निघाली. मोकळ्या रस्त्यावर गिअर इतके अलगद बदलत होते की काकांना पत्ताही लागत नव्हता. काकूंना लागत होता. "दुसरा पडला," त्या म्हणत. "हा तिसरा. छान केलंत हो." शेवटच्या शब्दाला हुंदका फुटला. काकांनी मान वळवली.

"माझ्याकडे नाही," त्या म्हणाल्या, "रस्त्याकडे बघा."

आणि शेजारी बायको हुंदके देत असताना काका पुढे बघत गाडी चालवत राहिले, कारण थांबवायचे कसे, ते त्यांना अजून शिकवले नव्हते.