लहान ट्रान्सफॉर्मरचा हार

आगगाड्या विजेवर धावू लागल्या तेव्हा आमचे बिऱ्हाड लोणावळ्याला, रेल्वेच्या वीजघराशेजारच्या क्वार्टरमध्ये होते. यजमान तिथे फोरमन. ट्रान्सफॉर्मर तीन तऱ्हेचे होते. मोठे, तेलाने भरलेले, आवारात. ते तारांतून आलेल्या विजेचा दाब उतरवून गाड्यांसाठी देत. अगदी छोटे आतल्या खोलीत, केवळ मीटरचे काटे हलवण्यापुरते. तिसरा आमच्या मागील दारी जाळीच्या पिंजऱ्यात. आमच्या घरचे दिवे त्याच्यावर.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा होई. हार मी ओवायची. मोठ्यांचे हार कुंपणालाच बांधत, कारण त्यांच्या जवळ जायची मनाई होती. पिंजऱ्यातल्याला कोणी विचारीत नसे. भाजे गावच्या एका वयस्क खलाशाला, म्हणजे वीजघरातल्या मदतनिसाला, ते खुपे. एका वर्षी तो म्हणाला, "वैनी, थोरल्यांस्नी मान, आन् घरात उजेड देनारा उपाशी?"

मी हसून एक हार वाढवला.

तो गडी बेफिकीर नव्हता. आधी त्याने मला स्वयंपाकघरातला दिवा लावायला सांगितला आणि बाहेर खटका ओढला. दिवा गेल्याचे मी ओरडून सांगितले. मग पिंजरा उघडून तो शिडीवर चढला. झेंडू मी नुकताच धुतलेला, हारातून पाणी ठिबकत होते.

मी पूजेचे ताट घेऊन दारात आले, तेवढ्यात निळा लोळ उठला. आवाज असा की ताट हातातून कधी सुटले ते कळलेच नाही. हार नव्हताच. शिडीखाली खलाशी उताणा पडलेला, उजवा हात काळा, डोळे उघडे. शेजारणीने माझे दंड धरले होते. मला तेही उमगत नव्हते.

यजमान धावत आले. खलाशाचे ओठ हलत होते.

"सायेब, दिवं तर मीच बंद केलतं."

इस्पितळातून आल्यावर यजमानांनी मला समजावले. त्याने ओढला तो खटका घराकडे जाणाऱ्या विजेचा. वरच्या तारांतून ट्रान्सफॉर्मरमध्ये येणारी वीज चालूच होती. घरातला दिवा विझला म्हणून ट्रान्सफॉर्मर विझत नाही. माझ्याच ओरडण्यावर विसंबून तो माणूस वर चढला होता.

दिवाळीनंतर तो कामावर आला. उजव्या हाताची दोन बोटे वळत नव्हती.

पुढच्या खंडेनवमीला मी त्या ट्रान्सफॉर्मरचा हार केला नाही. खलाशी दाराशी आला, त्याने टोपलीत पाहिले. डाव्या हाताने एक फूल उचलले आणि पिंजऱ्यापासून चांगले लांब, जमिनीवर ठेवून आला.