तळ्यातले नारळ

तळ्यात नारळ तरंगत होते आणि त्यांतला एक नारळ म्हणजे माझ्या जावेचं डोकं होतं.

आधी मलाही तो नारळच वाटला. मग तो वर आला, त्याने तोंड उघडलं आणि आवाज न करता परत खाली गेला. नुकतं उजाडत होतं. टॉवरांच्या जिन्यातले दिवे अजून चालू होते. मी ओरडले, "अरे, कोण हाय का? बाई बुडते!"

कोणी आलं नाही. पण कोणी नव्हतं असं नाही. पिंपळाच्या खोडाआडून कोणाचा तरी खांदा दिसत होता. पंपाच्या खोलीमागे साडीचा काठ होता. पालिकेने उभ्या केलेल्या पत्र्याच्या भिंतीखालच्या फटीतून पावलं दिसत होती, बायकांची आणि पुरुषांची. एकही पाऊल हललं नाही.

आमचं गाव डोंबिवलीच्या मागच्या अंगाला आहे. चारी बाजूंनी इमारती उठल्या आणि गाव मधे खड्ड्यात राहिलं. पाणी आणि कचरा पालिकेकडे. देऊळ, जत्रा, तळं आणि स्मशान मात्र गावचे पंच बघतात. पंच म्हणजे पाच जुन्या घरांतले पाच पुरुष. बाप गेला की मुलगा बसतो. आळ्यांमधले लोक म्हणायला लागले की आता प्रत्येक आळीने आपला माणूस निवडायचा, बाई असली तरी चालेल. पाच घरांनी लगेच उलटा ठराव आणला: पंच पाचच राहणार, आणि हा विषय पुन्हा कोणी काढायचा नाही.

हाणामारीची वेळ आली तेव्हा मतं घ्यायचं ठरलं. एकच मडकं ठेवून 'पाच घरं का आळ्या' असं विचारलं असतं तर काम झालं असतं. पण कोणाचं नाव आधी घ्यायचं यावरूनही भांडले. म्हणून दोघांचा मान राखून दोन ठरावांना दोन मडकी ठेवली. दोन्हींत चिठ्ठी टाकायची, 'हो' किंवा 'नाही'.

धाकटी जाऊ माझ्या भिंतीला लागून राहते. दोघींचे नवरे गेले, भांडायला आम्ही दोघीच उरलो.

मतांच्या आधी पाच घरांच्या बायका हळद लावलेले नारळ घेऊन दारोदार फिरल्या. नारळावर हात ठेवून 'तुमच्या मडक्यात हो टाकीन' अशी गावदेवीची आण घ्यायची, नारळ आपल्या देव्हाऱ्यात ठेवायचा आणि मतं झाली की देवीपुढे फोडायचा.

"ठेव हात, म्हातारे," मला म्हणाल्या.

"मी देवीला विचारून मत देत नाय. तुम्हाला विचारून तर नायच."

"कोप होईल तिचा."

"होऊ दे. माझं घर तिला माहीत हाय."

जावेने हात ठेवला. त्याच दिवशी संध्याकाळी आळीवाल्या बायका आल्या, कुंकू लावलेले नारळ घेऊन. तिने त्यावरही ठेवला.

"दोन्हीकडची आण घेतलीस?"

"दारात आलेल्या बायांना नाय कसं म्हणू, ताई? मला तुझ्यासारखं तोंड नाय."

"तोंड नाय, पण हात हायेत ना दोन."

ती दुसरा नारळ देव्हाऱ्यात ठेवायला वळली.

मला वाटलं, ही एकटीच मूर्ख. देवळात मडकी रिकामी केली तेव्हा कळलं. पाच घरांच्या मडक्यात जवळजवळ सगळे 'हो'. आळ्यांच्या मडक्यातही जवळजवळ सगळे 'हो'. दोन्ही ठराव पास. गावाने दोन्हीकडे आण घेतली होती आणि दोन्ही आणा पाळल्या होत्या. कोणी टाळी वाजवली नाही. शेजारच्या माणसाकडेही कोणी बघेना. गुरव म्हणाला, "उद्या सकाळच्या आरतीला ज्याने त्याने आपला नारळ घेऊन यावं." एका घराचा एकच नारळ असतो. दुसरा कुठे न्यायचा हे तो बोलला नाही.

संध्याकाळी जावेने भिंतीवर थापा मारून मला बोलावलं. देव्हाऱ्यात दोन नारळ शेजारी शेजारी होते. हळदीचा आपोआप तडकला होता आणि त्याचं पाणी देवांखाली पसरलं होतं.

"ताई, तो बोलला."

"उन्हाने तडकतात. फडकं आण."

"कुठला नेऊ उद्या?"

"कुठलाही ने. दुसऱ्याचं खोबरं कर आणि खा."

"जीभ झडेल माझी."

सकाळी तिचं दार उघडं होतं आणि देव्हाऱ्यात एकच नारळ होता. देवाचं नको झालेलं आमच्याकडे पाण्यातच सोडतात, म्हणून मी तळ्याकडे गेले.

तळ्याचं पाणी दिसत नव्हतं इतके नारळ. कोणाला पिवळा डाग, कोणाला लाल. नारळ बुडत नाही हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. टाकलेला नारळ फिरून टाकणाऱ्याच्याच पायरीला येत होता. तो लांब ढकलायला जाऊ खालच्या पायरीवर उतरली असणार. तिथे शेवाळ आहे.

मी पदर सोडून फेकला. तिच्यापर्यंत पोचला नाही. मग मला कळलं की हे लोक का येत नाहीत.

"मी कोणाचं काय बघितलं नाय!" मी भिंतीकडे तोंड करून ओरडले. "या रे!"

पिंपळामागून पाच घरांमधला सगळ्यांत म्हातारा पंच बाहेर आला. बायकांच्या हाती हळदीचे नारळ यानेच दिले होते. त्याच्या काखेत कुंकवाचा नारळ होता. तो त्याने आधी खाली ठेवला, घरंगळू नये म्हणून दगड लावला आणि मग पाण्यात उतरला. त्याने तिचे केस धरले, मी त्याची कॉलर धरली. तिला पायरीवर ओढलं तेव्हा ती पाणी ओकली. नारळ आमच्या पायांशी येऊन पायरीवर टक टक वाजत राहिले. भिंतीखालची पावलं एकेक करून गेली.

आरतीला सगळं गाव आलं. प्रत्येकाच्या हातात एकच नारळ. जावेचे केस ओले का, हे कोणी विचारलं नाही.

आता गावात पाच घरांचे पंच आहेत आणि आळ्यांचेही आहेत. देवळाला दोन कुलपं आहेत. तळ्यातले नारळ कोणी काढले नाहीत. काढायला जाणाऱ्याला लोक विचारतील, यातला तुझा कोणता.

जाऊ जगली. तो म्हातारा जगला. मीही आहे. पिंपळामागे, पंपामागे आणि भिंतीमागे जे उभे होते, तेही सगळे जिवंत आहेत.