बावड्याला गेलेली अर्धी शाल

माझे वडील स्वेटर विणायचे.

धनगराचा गडी, डोक्याला पटका, आणि मांडीवर लोकरीचा गुंडा.

आज तात्यांना जाऊन वर्ष झालं. सोनाआत्याला, म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीला, विचारून हे लिहितो आहे. फोनवर म्हणाली, "लिही की. आता कोन हसतंय?"

पन्नास सालानंतरच्या पाच-सात वर्षांतली ही गोष्ट. मी जन्मायच्या कितीतरी आधीची.

तात्या तेव्हा विशीतले. कॅनॉलच्या भरावावरून पडले, पाय मोडला, बारामतीच्या दवाखान्यात कित्येक महिने पडून होते. वेळ जावा म्हणून तिथल्या एका नर्सनं त्यांच्या हातात दोन सुया दिल्या.

मेंढरांमागं चालताना चातीवर लोकर कातणारे पुरुष आमच्यात घरोघरी होते. त्याला कुणी हसत नसे.

पण सुया म्हटलं की झालं.

"काय नर्सबाई, टोपडं झालं का न्हाय अजून?" आमच्या गावच्या, जळोचीच्या पारावरची पोरं विचारायची.

तेव्हापासून तात्या गोठ्यामागं लपून विणायला लागले.

मग आत्याला बघायला बावड्याचे पाहुणे आले.

त्या काळी मुलीच्या हातचं काहीतरी पाहुण्यांपुढं ठेवायची रीत होती. रुमाल, तोरण, असलं काही. पुष्कळदा ते शेजारणीनं केलेलं असायचं आणि दोन्हीकडच्यांना ते ठाऊकही असायचं.

आजीनं तात्यांनी विणलेला स्वेटर ठेवला. "आमच्या सोनीनं केलाय."

बावड्याच्या सासूबाईंनी ते खरं धरलं.

लग्न झालं, आणि त्यांच्या फर्माइशी सुरू झाल्या.

आत्या सणाला माहेरी आली की दोघं भावंडं गोठ्यामागं बसायची. पुढं काय विणायचं, ते ठरवायला. तिच्या मुक्कामात पुरं होईल असंच काहीतरी निवडावं लागायचं.

सासूबाईंना ती मामी म्हणायची. त्या पंचमीचं बोलणं आत्या अजून जसंच्या तसं सांगते.

"मामी शाल मागत्यात, दादा."

"चार दिसांत शाल हुती व्हय? कानटोपी सांग."

"कानटोप्या समद्यांच्या झाल्या. आता म्हशीचीच ऱ्हायलीय."

"मग पायमोजं."

"पायमोजं घालून पानी धरत्यात व्हय बावड्यात?"

शेवटी शालच ठरली. डोकं तात्यांनी चालवलं.

"अर्धी करून देतो. सुयांसकट घिऊन जा. समोर दिसली की त्यास्नी वाटंल, चाललंय काम. ऱ्हायल्याली दिवाळीला हितं करू."

अर्धी शाल बावड्याला गेली आणि कोनाड्यात तशीच पडून राहिली.

त्या दिवाळीला सासूबाईंनी आत्याला माहेरी धाडलंच नाही. म्हणून भाऊबीजेला तात्या तिकडं गेले.

आत्यानं ओवाळलं. ताट वाढलं. घरात चार पाहुणे होते. सासूबाईंनी शाल आणली आणि आत्याच्या पुढ्यात टाकली.

"पंचमीपासनं ही बोटभरबी वाढली न्हाय. बस हितं. आज भावाम्होरं दोन ओळी इनून दाव."

आत्यानं सुया हातात घेतल्या. नुसत्या धरल्या.

"मला येत न्हाय, मामी."

"मग इतकं दिस कोन इनत हुतं?"

"बाजारातनं इकत आनत हुते."

"खोटारडी! आन् आमी गावभर सुनंचं गुन गातोय!"

मग त्या तात्यांकडं वळल्या आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "तुमी जेवा पावणं. तुमचा काय दोष?"

तात्या जेवले.

मान खाली घालून, ताटात काही न टाकता, सगळं जेवले.

देवापुढं हात जोडताना तात्या आधी डोळे मिटायचे आणि मग पुढं व्हायचे. लहानपणी मला ती भक्ती वाटायची. मी मोठा झाल्यावर एकदा म्हणाले, "बिरोबाच्या नजरंला नजर द्यायला तोंड लागतं, बाळा."

संक्रांतीच्या आत ते पुन्हा बावड्याला गेले. आत्याकडून शाल मागून घेतली, ओट्यावर बसले आणि रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्यांदेखत विणायला लागले.

माणसं जमली. हसायचे ते हसले.

सासूबाई दारात उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या.

"म्हंजी ह्ये तुमी करत हुता? मग त्या दिशी तोंडाला कुलूप हुतं व्हय?"

"चुकलं, मामी."

"मला काय सांगताय? जिला सांगायचं तिला सांगा."

आत्या चहाचा कप ठेवून आत निघून गेली होती.

तिला सांगणं काही जमलं नाही. शाल पुरी झाली. त्यानंतर तात्यांनी उघड्यावर बसून खूप विणलं. आत्याच्या सासऱ्यांना बंडी, तिच्या पोरांना स्वेटर, आम्हा सगळ्यांना काही ना काही. दर खेपेला आधी तिलाच विचारायचे, "सोनी, आता फुडं काय करू?" ती रंग सांगायची, माप सांगायची.

जे विचारायचं होतं, ते मात्र तसंच राहायचं.

गेल्या वर्षी तात्यांनी अंथरूण धरलं तेव्हा आत्या येऊन राहिली होती. मी पायाशी बसलो होतो. दुपारी तात्यांनी एकदम विचारलं.

"सोनी, त्या दिशी माजं नाव का घेतलं न्हाईस?"

कुठला दिवस, हे तिनं विचारलं नाही.

"तू घेशील म्हनून वाट बघत हुते, दादा."

आवाजात राग नव्हता. तो असता तर तात्यांना सोपं गेलं असतं.

त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. आत्यानं त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि ती तिथंच बसून राहिली.

माणूस देवाघरी गेला की त्याची लाज मागं राहते का, मला माहीत नाही. माझ्याकडं थोडी आली आहे. कुणाला माझ्यासाठी बोलणी खावी लागत असतील, तेव्हा मी गप्प बसू नये, एवढंच आज देवाकडं मागितलं.

तात्या, तुम्हाला साष्टांग नमस्कार.