वाघाच्या पंज्यातली मशाल
नव्या फोमचा वास आला की माझं डोकं आजही फिरतं. एका आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेची मशाल अकोल्यातून जाणार होती. चारशे मीटरला राज्यात पहिली आले म्हणून मला बोलावलं आणि अंगावर चढवला स्पर्धेच्या शुभंकराचा, म्हणजे वाघाचा, फोमचा पोशाख. मशाल धरली संयोजकांच्या मेहुण्यानं. मे महिन्याचं ऊन, आत घामाची आंघोळ, आणि वाघाच्या जबड्यातल्या जाळीतून दिसेल तेवढाच रस्ता. शंभर पावलांत मेहुण्याला धाप लागली. “घे वं जरा, मले नाई होत,” म्हणत त्यानं पेटती मशाल माझ्या पंज्यात कोंबली आणि मागच्या जीपमध्ये जाऊन बसला. फोमवर ठिणगी पडली तर, हे त्याच्या मनातही आलं नाही. पुढच्या पुलाचा सगळा चढ मी धावले. पूल उतरताच फोटोवाले दिसले, तसा तो जीपमधून उतरला. “दे इकडे, फोटो काढून राहिले ते!” आणि मी दिली, याचाच राग अजून जात नाही. आता मी अमरावतीत क्रीडाशिक्षिका आहे. परवा अशाच एका मशालीच्या स्वागतासाठी फोन आला, वाघ व्हायला एखादी उंच मुलगी पाहिजे म्हणून. मी म्हटलं, “पोरगी हाये. मशाल तिच्या हाती द्या, अन् वाघ तुमच्या सायबाले करा.”