रजेचा अर्ज

इंजेक्शनआधी नर्सने दंडाला स्पिरिट लावलं की मला मुंबईचा तो दवाखाना आठवतो. एकाहत्तर-बाहत्तर साल असेल. वडील कर्जतकडच्या एका खेड्यात मास्तर होते, पण हात इतका थरथरायचा की फळ्यावर साधी रेघ सरळ येत नव्हती. डॉक्टरांनी एक्स-रे बघत बघत त्यांच्या मेंदूत सुई घातली, तीही ते जागे असताना, आणि हात थांबला का ते बघायला कागद-पेन देऊन म्हणाले, "काहीही लिहा." वडिलांनी रजा वाढवून मिळण्याचा अर्ज लिहिला. संध्याकाळी खाटेपाशी आईने तो कागद बराच वेळ हातात धरला. जागरणाने तिचे डोळे सुजले होते. "किती वर्सांनी सरळ लिवलंय तुमी. ह्यो घरी ठिऊ," ती म्हणाली. "रजा संपत आलीय," वडील डोळे मिटूनच म्हणाले, "पोरी, टपालात टाकून ये." मी टाकून आले. वर्षभरात थरथर परत आली आणि पुढे ती गेलीच नाही. आता सही करताना माझाही हात हलतो. वडिलांचं एकही सरळ अक्षर आमच्या घरात नाही. रजा मात्र मंजूर झाली होती.