डावी बाजू कोरी

इंदुबाईंच्या शाईच्या बाटलीला बाहेरून कागदाची एक पट्टी चिकटवलेली होती. संध्याकाळी वर्ग सुटला की शाई जिथवर असेल तिथे त्या पट्टीवर पेन्सिलीनं रेघ ओढत आणि सकाळी उठल्यावर पुन्हा बघत. गूळ, रॉकेल आणि शाई या वस्तू आपोआप कमी होत नाहीत, असं त्यांचं ठाम मत होतं. छप्पन्न सालच्या थंडीत शाई रेघेच्या खाली जाऊ लागली, तेव्हा त्यांनी मनातल्या मनात वर्गातल्या हिरामणवर ठपका ठेवला. त्याचं पेन नेहमी भरलेलं असे.

अंबरनाथच्या बुवापाड्यात त्यांच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत त्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवीत. मुळाक्षरं शिकायला आलेल्याला दारातूनच परत पाठवीत. त्यांच्याकडे येत ते मॅट्रिक झालेले, दहा-दहा वर्षं कारकुनी केलेले बाप्ये. इंग्रजी वाचता येई, पण साहेबापुढे धड टिपण ठेवता येत नसे, म्हणून बढती अडलेली. इंदुबाईंचे वडील ठाण्याला कचेरीत मसुदे लिहीत. मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी ही विद्या मुलीला दिली. नवरा गेल्यावर त्या विद्येवर दोन बायकांचं पोट चालत होतं. दुसरी म्हणजे धाकटी नणंद, राजाबाई. नवऱ्यानं टाकलेली. भाऊ होता तोवर त्यानं तिला इंग्रजी तिसऱ्या पुस्तकापर्यंत आणलं होतं. त्यापुढे स्वयंपाकघर.

इंदुबाईंची पद्धत कचेरीतली होती. कागद मधोमध उभा दुमडायचा. लिहायचं उजव्या अर्ध्यात. डावी बाजू कोरी, ती बाईंची. कचेरीत मसुदा असाच जातो, वरच्याला दुरुस्ती करायला जागा हवी म्हणून. इंदुबाई मात्र दुरुस्ती करत नसत. त्या डावीकडे फक्त प्रश्न लिहीत. कोणी पाहिलं? केव्हा? किती? तुम्हाला कसं कळलं? भांडारावरच्या दौलतरावांनी एकदा लिहिलं, ‘माझ्या कामावर सर्व जण खूष आहेत.’ डावीकडे आलं, ‘त्यातल्या दोघांची नावं द्या.’

तपासून झालेले कागद राजाबाई पाणी तापवायच्या बंबात घालीत.

एका सोमवारी दौलतराव वर्गाच्या आधीच आले. चपला दारात न काढता आत आले, तेव्हाच इंदुबाईंनी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. लाकडी खोकी करणाऱ्या कारखान्यात ते भांडार सांभाळीत. वर्गातल्या नऊ जणांपैकी सात त्याच कारखान्यातले, आणि त्यांना आणलं होतं दौलतरावांनीच.

त्यांनी खिशातून एक कागद काढला. “वाचा बाई.”

कारखान्याच्या साहेबाला कोणीतरी निनावी तक्रार पाठवली होती. भांडारातल्या फळ्या मागच्या फाटकातून बाहेर जातात. त्या चोरल्या म्हणून बदलापूरच्या पलीकडच्या वाडीतला मजूर वाळू याला काढून टाकलं, पण तो कामावरून गेल्यावरही हातगाडी जातेच आहे. इंग्रजी स्वच्छ, कुठे फुलं लावलेली नाहीत. आणि कागद मधोमध दुमडलेला. डावी बाजू कोरी.

“साहेब हसत होता,” दौलतराव म्हणाले. “म्हणाला, तक्रारदारानं माझ्या दुरुस्त्यांसाठी जागा ठेवलीय. हा कागद तुमच्या वर्गातून गेलाय. नाही तर तुम्हीच लिहिलाय.”

“मी लिहिला असता तर खाली सही असती.”

“ते मला ठाऊक नाही. शनिवारपर्यंत खुलासा द्यायचाय, इंग्रजीत. तो तुम्ही घडवून द्या आणि लिहिणाऱ्याचं नाव सांगा. नाही तर कारखान्यातला एक माणूस तुमच्या दारात येणार नाही.”

खुलाशासाठी म्हणून कागद त्यांच्याकडे ठेवून ते निघून गेले. त्यांना संशय ज्या बाईचा, खुलासाही त्याच बाईकडून हवा होता.

त्या आठवड्यात वर्ग भरला तो परीक्षेला बसल्यासारखा. कोणी कोणाच्या शेजारी बसेना. लिहिताना जो तो डावा हात कागदावर आडवा धरी.

“बाई, शेठला विचारा,” हिरामण म्हणाला. दौलतरावांच्या हाताखाली तो होता. त्यांची जागा रिकामी झाली तर ती त्यालाच मिळाली असती. “कॅम्पात फळीला काय भाव आहे ते त्यालाच माहीत.”

पेसूमल उल्हासनगरच्या कॅम्पातून चालत यायचा. सिंधमध्ये मागे राहिलेल्या घराच्या भरपाईचे अर्ज त्याला स्वतःला लिहायचे होते. तो खो खो हसला. “अरे भाई, मला फळ्या पायजे तर मी गुपचूप घेणार ना? साहेबको चिठ्ठी लिखके माल बंद कशाला करू? बाईजी, आप बोलो, मैं इतना बेवकूफ हूँ?”

“दोघंही लिहा,” इंदुबाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांना दोघांचंही पटलं आणि दोघांचाही संशय आला.

गुरुवारी दुपारी त्यांनी तक्रारीचा कागद पुढे घेतला आणि सवयीनं पेन्सिल उचलली. डावीकडे विचारायला काही सापडेना. कोणी, केव्हा, किती, सगळं होतं. एका गाडीवर बावीस फळ्या, त्यावर गोणपाट. सहा वर्षांत वर्गातल्या एकाही बाप्यानं इतकं नीट लिहिलं नव्हतं. त्यांना वाईट वाटायला हवं होतं, पण बरं वाटलं.

मग त्यांची पेन्सिल एका ओळीवर थांबली. ‘दर मंगळवारी व शुक्रवारी, नळाला पाणी येण्याच्या पाव तास आधी.’

कारखान्यातला माणूस भोंग्याशिवाय वेळ सांगत नाही. पहिला भोंगा, दुसरा भोंगा, जेवणाचा भोंगा. नळाची वेळ बाप्यांना कशी ठाऊक असणार? ते तेव्हा झोपलेले असतात.

त्यांनी शाईच्या बाटलीकडे पाहिलं आणि उठून आत गेल्या. राजाबाई तांदूळ निवडत होत्या.

“वन्सं, नळावरून कारखान्याचं मागचं फाटक दिसतं का?”

“दिसतं.” राजाबाईंनी मान वर केली नाही.

“बावीस कशावरून?”

“तीन खेपांना मोजल्या, वहिनी. मोजल्याशिवाय कशी लिहीन? तुम्ही विचारलंच असतं.”

“हे शिकलात कुठे?”

“बंबापाशी. कागद जाळायच्या आधी वाचते मी. सहा वर्षं.”

इंदुबाई पाटावर बसल्या. “आणि पत्राला मसुद्याची घडी कशाला घातलीत?”

आता राजाबाईंनी वर पाहिलं. “पत्र तसंच लिहितात ना?” त्यांनी बंबापाशी आलेले कागद तेवढेच पाहिले होते. पुरं लिहिलेलं पत्र कोणी बंबात घालायला आणत नाही.

“तुम्हाला काय पडलं होतं त्या वाळूचं?”

“त्याची सोनी मोळी घेऊन यायची. मागच्या महिन्यात रिकामी आली. या ओट्यावर बसली आणि म्हणाली, माझ्या माणसानं फळीला हात लावला नाही. मी म्हटलं, कोणी पाहिलं? ती म्हणाली, कोणीच नाही. मग मी पाहायला लागले.”

“सही का नाही केलीत?”

“केली असती तर तुमचा वर्ग बंद पडला असता.”

“तो आताही पडतोय.”

राजाबाईंनी ताटातला एक खडा काढून बाजूला ठेवला. “मग आता करू का?”

नऊमधून सात गेले तर उरतात दोन. इंदुबाईंनी हिशेब दोनदा केला, तो बदलला नाही. मग पुढच्या खोलीतून एक कागद आणला आणि नणंदेपुढे ठेवला. “या वेळी दुमडू नका,” त्या म्हणाल्या.

शनिवारी दौलतराव खुलासा लिहूनच आले. उजवी बाजू भरगच्च होती. इंदुबाईंनी डावीकडे लिहायला घेतलं. मंगळवारी किल्ली कोणाकडे होती? फाटक कोणी उघडलं? वाळू गेल्यावर बावीस फळ्या कोणी भरल्या?

“मला खुलासा हवाय, चौकशी नको!”

“उत्तरं असली तर खुलासा चार ओळींत होतो.”

दौलतरावांनी खुलासा घडी करून खिशात घातला. “नाव सांगा,” ते म्हणाले.

“माझ्या नणंदेचं आहे. काल टपालानं साहेबांकडे गेलं, पुऱ्या कागदावर, सहीसकट.”

त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. राजाबाई ओले हात पदराला पुसत उभ्या होत्या.

“ही? चुलीपाशी बसणारी?”

“बंबापाशी,” राजाबाई म्हणाल्या.

सोमवारी दारात चपलांचा एकच जोड होता, पेसूमलचा. उरलेला दुसरा, रेल्वेतला कारकून, उशिरा आला. सतरंजीच्या कडेला राजाबाई बसल्या, कागद दुमडला आणि पहिलं वाक्य लिहिलं, ‘सर्व जण हा वर्ग सोडून गेले.’ इंदुबाईंनी डावीकडे लिहिलं, ‘पुन्हा मोजा.’

कारखान्यात चौकशी बसली. हिरामणला बोलावून विचारलं, तेव्हा त्यानं फाटकाची किल्ली कोणाकडे असे ते सांगितलं. दौलतरावांची नोकरी गेली. होळीच्या आधी वाळूला परत घेतलं. हिरामण आणि आणखी दोघं वर्गात परत आले, बाकीचे आले नाहीत. वर्षभर त्या घरात एकच वेळ स्वयंपाक झाला.

वाळू कामावर लागल्याचं सांगायला सोनी आली, ती डोक्यावर मोळी घेऊनच. ही घ्याच, म्हणाली, पैसे नको. राजाबाईंचे डोळे भरले. इंदुबाईंनी मोळी एका हातानं उचलून पाहिली.

“मागच्या वेळेपेक्षा हलकी वाटते,” त्या म्हणाल्या.