हात न लावायचा झोका

आमच्या अंगणात कायम दोन झोके असायचे. एकावर पोरं बसायची. दुसऱ्याला कुणी हात लावला की माझी बायको, सोजर, हातातलं काम टाकून धावत यायची आणि पोर आपलं का लोकाचं ते न बघता पाठीत धपाटा द्यायची. तो झोका रिकामाच ठेवायचा. दूध उतू जातंय का बघावं, तशी ती दिवसभर त्याच्याकडं बघायची.

मी चौथी शिकलेला वेल्डर. चाकूरला दुकान होतं. लिहायची सवय नाही. पण सोजर गेल्यापासून जो येतो तो म्हणतो, देवमाणूस होती. देवमाणूस वगैरे काही नव्हती. भित्री होती. लई भित्री. ते कुणी बोलत नाही, म्हणून मी लिहितोय.

तिचं माहेर तेरणेच्या काठी. आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती, तेव्हा ती भावाच्या घरी गेली. भावाची मुलगी आठ महिन्यांची. त्या भागात जमीन वर्षभर अधूनमधून हलायची, लोकांना सवय झाली होती. एका दुपारी लेकराला निजवायचा रिकामा झोका आपोआप हलताना तिला दिसला. वारा नव्हता. रिकामा झोका हलला तर लेकराला वाईट, असं आमच्याकडं मानतात. सोजरनं तो हातानं धरून थांबवला आणि भाकरी करायला गेली. कुणाला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे भूकंपात ते दगडमातीचं घर बसलं. सोजर अंगणात झोपली होती म्हणून राहिली. भाची संध्याकाळी ढिगाऱ्याखाली सापडली, गेलेली.

हे तिनं मला एकदाच सांगितलं. "झोका मला सांगत होता आन् मी त्याचं तोंड दाबलं."

तेव्हापासून जिथं राहिलो तिथं एक झोका पहाऱ्याला. पहिला कासऱ्याचा, लिंबाच्या फांदीला. मग ट्रॅक्टरच्या टायरचा. मग बोअरमधून काढलेल्या जुन्या पाइपाची चौकट केली, साखळ्या लावल्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघितलं आणि गिऱ्हाईक सुरू झालं. पिंपावर फळी टाकून वर-खाली करायचं खेळणं केलं. पत्र्याची घसरगुंडी केली, ती उन्हाळ्यात एवढी तापायची की पोरं बुडाखाली पोतं घेऊन घसरायची. दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक झोक्यावर आधी सोजर बसायची, लुगड्याचा ओचा खोचून. बाई अंगानं भारी होती. जरा करकर झाली की खाली उतरायची. "हे कुणाच्या लेकराला द्यायलात? परत जोडा." मी शिव्या घालायचो, पण जोडायचो. माझ्या झोक्यावरून पडून कुणाचं लेकरू दुखावलं नाही, ते माझ्या हातामुळं नाही.

गल्लीतल्या बाया चेष्टा करायच्या. एकीनं विचारलं, सोजरमावशी, झोक्यावर भूत बसवलंय काय? सोजर म्हणाली, "बसलंय की. तुला न्हाई दिसायचं, तुझी नजर लोकाच्या चुलीवर."  पण आपली आई भीतीनं अर्धी झालीय हे आमच्या मुलालाही कळत नव्हतं. ढग गडगडला की सोजर आधी जमिनीवर तळहात टेकायची.

मुलानं नांदेडला स्लॅबचं घर बांधलं आणि आम्हाला नेलं. नातीसाठी, प्रज्ञासाठी, त्यानं मोबाइलवरून प्लास्टिकची घसरगुंडी मागवली, लाल-पिवळी. सोजरनं ती अंगठ्यानं दाबून बघितली आणि म्हणाली, हे तर लोणच्याच्या बरणीसारखं हाय. मग मला पोर्चमध्ये तिचा झोका टांगायला लावला. मुलगा वैतागला. आई, घर कॉलमचं आहे, काही होत नाही, म्हणाला. सोजर म्हणाली, घराला न्हाई होत बाबा, माणसाला होतंय.

मागच्या वर्षी एका सकाळी मी पोर्चमध्ये चहा पीत बसलो होतो. झोका समोर, चार हातांवर. तो हलला. मी बघितला. मांजर गेलं असेल म्हणून मी घोट घेतला.

सोजर दारात उभी होती. ती ओरडली नाही, मला हाकही मारली नाही. आत गेली आणि झोपलेली प्रज्ञा उचलून बाहेर आली. गुडघे गेलेली बाई, सहा वर्षांची पोरगी कडेवर. तोवर शेजाऱ्यांची भांडी वाजायला लागली होती. शेवटच्या पायरीवर तिचा पाय मुडपला. पडताना तिनं पोरीला वर धरलं. पोरीला ओरखडासुद्धा नाही.

सगळी गल्ली रस्त्यावर आली. भिंतीला चीर नाही, कुणाची काच फुटली नाही. लोक हसायला लागले, फोन करायला लागले. आमच्या गल्लीत त्या दिवशी फक्त सोजर पडली. खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात मी तिला सांगितलं की मला झोका दिसला होता, मी उठलो नाही. ती म्हणाली, ठाऊक हाय, तुमच्या हातात कप होता. मग विचारलं, पोरगी भ्याली का? मी म्हटलं, न्हाई, आजी पळापळी खेळली म्हणती.

"मग बरं. तिला भ्यायला शिकवू नगा. त्यापरीस तुमी भ्या."

चौथ्या दिवशी तिला श्वास पुरेना. गेली.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मुलगा झोका काढायला स्टूल घेऊन आला. मी त्याला काढू दिला नाही. आता मी भितो. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. झोका हलतोय का माझी नजर, ते कळत नाही. दिवसातून दोन-तीनदा उगाच उठून दारापर्यंत जातो आणि पोरगी दिसली की परत येऊन बसतो. चहा खाली ठेवून पितो.

परवा प्रज्ञानं विचारलं, आजोबा, ह्या झोक्यावर मी का बसायचं नाही?  मी म्हटलं, त्याचा रंग ओला हाय, बाळा. ती लगेच घसरगुंडीकडं पळाली.

दुपारी रंगाचा डबा आणला. आता दर रविवारी झोक्याला रंग देतो, साखळी न धरता, हळूहळू.